मायनं पुजलेली क्लॅरिनेट

माझ्या नातवाला मी एकदा सहज सांगितलं, की शाळेत असताना मी बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत होतो, तर तो पोट धरून हसला. "आबा, तुम्ही? बँडमध्ये? घोड्यापुढं?" त्याच्या डोळ्यांसमोर लग्नातली ती लाल कोटवाली मंडळी आली असणार. त्याचा दोष नाही. मी हा विषय घरात कधी काढलाच नाही. पण आता सगळं लिहायलाच बसलो आहे तर हेही लिहून टाकतो, कारण मला खरोखर चांगली येत होती अशी आयुष्यात ही एकच गोष्ट. बाकी सगळं, म्हणजे मास्तरकी, शेती, संसार, हे चार माणसांना येतं तसं मलाही आलं. त्यात काही विशेष नाही.

कारंज्याला तेव्हा कापसाचा हंगाम लागला की रस्त्यानं चालायला जागा उरत नसे. आमच्या धनजेकडून, पार आसेगावकडून गाड्यांच्या रांगा यायच्या, बैलांच्या घंटा, गाडीवानांच्या शिव्या, जिनाचा भोंगा, आणि या सगळ्यावर जैन मंदिरातली घंटा, असा दिवसभर कल्ला असे. त्या व्यापारातल्या एका शेठजींनी शाळेला पेटाराभर वाद्यं आणून दिली होती. नवस फेडला की साहेबाला खूश केलं, ते मला आजतागायत कळलेलं नाही. दोन क्लॅरिनेट, एक कॉर्नेट, बिगुल, एक ढोल इतका मोठा की उचलणारा पोरगा मागं दिसतच नसे, दोन ताशे आणि झांजा. शिकवायला गुलाबखाँ मास्तर आले. कामठीच्या पलटणीत त्यांनी उमर काढली होती. उंच, वाळकुडे, मिशीला मेंदी लावलेली, आणि बोलणं असं की पोरगं जागच्या जागी ताठ व्हायचं. पहिल्या दिवशी आम्हाला रांगेत उभं केलं आणि एकेकाचं तोंड उघडायला लावलं. बैलबाजारात दात पाहतात तसे दात पाहिले, ओठ चिमटीत धरून ओढून पाहिले. माझ्यापाशी थांबले. "ये होंठ अच्छा है. तू कलारनेट ले." झालं, माझ्या ओठांचं आयुष्यात एकदाच कौतुक झालं ते असं.

त्यावरून घराघरांत गोंधळ माजला तो वेगळाच. बिगुलाला तोंड लावायचं, क्लॅरिनेट तर चांगली दातात धरायची, मग कोणाचं उष्टं कोणाच्या तोंडात? बँडमध्ये कुणबी होते, बामण होते, दोन जैनांची पोरं होती, एक माळ्याचा होता. दिगंबर म्हणून माझ्या वर्गातला मुलगा दुसरी क्लॅरिनेट वाजवायचा. त्याच्या वडिलांचं कापडाचं दुकान होतं आणि ते स्वतः शाळेत येऊन मास्तरांशी अर्धा तास भांडून गेले. शेवटी मास्तरांनी सगळ्या बापांसमोर जबान दिली, की ज्याला जो बाजा दिला तो त्याचाच, दुसऱ्या कोणाचंही तोंड त्याला लागणार नाही, मास्तरांचं स्वतःचंही नाही. आणि ती त्यांनी पाळली. मला शिकवताना ते माझी क्लॅरिनेट कधी तोंडाला लावत नसत. स्वतःच्या तोंडानं सूर काढून दाखवत आणि बोटं माझ्या बोटांवर दाबत. असं शिकवणं किती कठीण, हे मी पुढं स्वतः मास्तर झालो तेव्हा मला उमगलं.

सुरुवातीला माझ्या क्लॅरिनेटमधून जे निघायचं त्याला सूर म्हटलं तर सुरांचा अपमान होईल. शाळेमागच्या कडुनिंबाखाली आम्ही बसायचो आणि मी फुंकलं की वरचे कावळे उडायचे. "बाजा है बेटा, बकरी नहीं है," मास्तर म्हणायचे. खालचा ओठ दातावर दुमडून धरायचा असतो, त्यानं ओठ आतून सोलून निघायचा. मी राहायचो त्या बोर्डिंगात भाकरीबरोबर ठेचा असे रोज, तो लागला की डोळ्यांत पाणी यायचं, आणि पोरं म्हणायची, काय झालं रे, कोणाची आठवण आली? पण मी सोडलं नाही. मला एक गोष्ट समजली होती: एकच सूर लांब धरून ठेवला, पोटातून फुंक लावली आणि मान ताठ ठेवली, तर एका क्षणी तो सूर थरथरायचा थांबतो आणि समोर उभा राहतो. त्या क्षणासाठी मी तलावाच्या काठी जाऊन सकाळची सकाळ घालवायचो. गणितात नापास होत होतो ते त्यामुळंच.

क्लॅरिनेटला दोन गळे असतात. खालचा भारदस्त, वरचा पातळ आणि चमकदार, आणि दोन्हींच्या मध्ये एक जागा असते तिथं सगळी बोटं एकदम बदलावी लागतात. तिथं नवशिक्याचा आवाज हमखास फाटतो. मास्तर त्या जागेला नाला म्हणत. "इधर एक गाँव, उधर एक गाँव, बीच में नाला. ऐसा पार कर कि पाँव गीला न हो." दिगंबरचे पाय रोज ओले व्हायचे. माझेही व्हायचे. मग एका सकाळी तलावाच्या काठी मी खालून सूर घेत वर गेलो आणि वर पोचल्यावर मला कळलं, की नाला मागं राहिला. मी पुन्हा गेलो, पुन्हा आलो. मास्तर दातात बाभळीची काडी धरून उभे होते. त्यांनी शाबासकी दिली नाही. नुसतं "फिर से" म्हणाले, आणि मी थकेपर्यंत "फिर से, फिर से" म्हणत राहिले, आणि मग त्यांचे डोळे भरलेले मी पाहिले. त्या दिवशी मला जो आनंद झाला तसा लग्नाच्या दिवशीही झाला नाही. बायको हे वाचेल तर वाचो.

घरी मात्र यातलं काही कोणाला माहीत नव्हतं. सुटीत धनजेला जायचो ते मोकळ्या हातानं. बाजा शाळेतच कुलपात असे. बाबांना बँड आवडला नव्हता. "वाजवनारे येगळे, आपन येगळे," एवढंच ते म्हणत, आणि विषय संपत असे. ही आमच्या घरची अक्कल! ज्यांच्याशिवाय आमच्या एकाही पोरीचं लग्न लागलं नसतं, त्यांचं काम आमच्या पोरानं केलं तर कमीपणा. शाळेचं म्हणून त्यांनी चालवून घेतलं. मायचं तसं नव्हतं. तिला उत्सुकता फार. ती चुलीपाशी बसून भाकरी थापायची, मी समोर बसून जवसाची चटणी आणि आंबाडीची भाजी हाणायचो, आणि ती विचारायची, "कसा वाजते रे बापू तुहा बाजा? पिपानीसारखा?" मी तोंडानं काढून दाखवायचो. ती हसून हसून भाकर करपवायची. "तोंडानं नको सांगू. येकदा खराच ऐकव मले." पण ऐकवणार कुठं? आमच्याकडच्या बाया कारंज्याला जायच्या त्या लग्नाला, नाहीतर कोणाला दवाखान्यात न्यायचं असलं तर. शाळेच्या मैदानावर जाऊन पोराचा बँड ऐकायला कोण बाई जाते?

मी मॅट्रिकच्या अलीकडच्या वर्गात होतो तेव्हाची गोष्ट. मास्तरांचे पलटणीतले एक जुने सोबती एका संस्थानच्या बँडचे उस्ताद झाले होते. महाराजांच्या बँडसाठी त्यांना क्लॅरिनेटवर एक तरुण हवा होता, शिकवून तयार करायला. दसऱ्याला ते कारंज्यावरून जाणार होते. आमच्याकडे दसऱ्याच्या मिरवणुकीत शाळेचा बँड असे. सीमेवरच्या शमीच्या झाडापाशी सगळे थांबले की तिथं क्लॅरिनेट एकटी वाजायची. मास्तरांनी सोबत्याला निरोप धाडला, की या आणि माझा पोरगा ऐकून जा. मला म्हणाले, "तुझे सुनते ही ले जाएगा. मेरी जबान है."

बाबांना सांगायचं कसं? मी आठवडाभर नुसतं गिळत राहिलो. शेवटी एका रविवारी घरी जाऊन मायला सांगितलं आणि मायनं जेवण वाढता वाढता बाबांना सांगितलं.

"वाजवून पोट भरते का कोनाचं?" बाबा म्हणाले.

"राजाच्या घरी वाजोते तो," माय म्हणाली. "ते काय लग्नातलं हाय? कपडा, खानं, राहनं, समदं राजाचं. आन तुमी कायले आडवे येता? त्याले येते त जाऊ द्या नं त्याले."

बाबांनी गोळ्याच्या कढीत भाकर कुस्करली. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "हे पाह्य. मीबी येतो दसऱ्याले. तो उस्ताद हो म्हनला त जाय बाप्पा, मी नाही आडवत. नाही म्हनला त पुन्हा हे नाव काढायचं नाही. शाळा करजो, वावर पाहजो." त्यांच्या तोंडून एवढं निघालं हेच आम्हाला आभाळाएवढं झालं. मायनं लगेच जाहीर केलं, की तीही येणार. "म्या अजून माह्या पोराचा बाजा ऐकला नाही," ती म्हणाली.

दसऱ्याआधी दोन दिवस सुटी होती. इतक्या आयत्या वेळी ओठाला आराम नको, म्हणून मास्तरांनी पहिल्यांदाच मला क्लॅरिनेट घरी न्यायला दिली. पेटीसकट, फडक्यात गुंडाळून, छातीशी धरून मी धनजेला आलो. पण घरी वाजवता आली नाही. शेजारचे म्हातारे दोन दिवसांपूर्वीच गेले होते. त्यांच्या दारात अजून दुःख होतं आणि आमच्या दारात बाजा, हे कसं दिसणार? मी संध्याकाळी वावरात जाऊन तुरीच्या ओळीत बसून वाजवून आलो. माय म्हणाली, "राहू दे. दोन दिसानं ऐकनारच हावो. सगळ्यायसंग ऐकीन."

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी घरातलं प्रत्येक औजार धुऊन, घासून पुजतात. ज्याच्या जिवावर घर चालतं त्याला त्या दिवशी हळदकुंकू आणि विसावा. बाबा आणि मी पहाटेच वावरात गेलो, झेंडूची फुलं, ज्वारीची कणसं, आंब्याचे डहाळे आणायला. बाबा त्या दिवशी माझ्याशी कधी नव्हे ते गोडीनं बोलत होते. संस्थान कोणत्या दिशेला, गाडीनं किती लांब, तिथं ज्वारी खातात की भात, असं विचारत होते. मला त्यातलं काही माहीत नव्हतं तरी मी उत्तरं देत होतो. उन्हं वर आली तेव्हा परतलो.

अंगण सारवलेलं होतं. भिंतीपाशी नांगर, वखर, तिफण, डवरे. समोर पाटावर विळे, खुरपी, कुऱ्हाड, सगळं घासून लख्ख केलेलं. आणि मधोमध चौरंगावर, खाली नवीन खण अंथरून, माझी क्लॅरिनेट. तिच्या कळा आरशासारख्या चमकत होत्या. लाकूड तेलानं न्हालं होतं. एकेका कळेवर हळदीचं आणि कुंकवाचं बोट, आणि खालच्या कर्ण्यासारख्या तोंडात झेंडूचं फूल खोचलेलं.

माय मागून आली, पदरानं हात पुसत. चेहरा असा फुललेला, की मी तिला तशी फार वेळा पाहिली नाही. "पाह्य, कशी दिसून राह्यली! काळी पडली होती रे समदी. तुमच्या शाळेत कोनी घासत नाही का? चिंच लावली, राख लावली, एकेक कळ घासली. आतूनबी कशी बुरसट होती, थुका बसला होता सारा. आडाचं पानी ओतून खळखळून काहाडलं. मंग एरंडेल चोपडलं, लाकडाले बरं असते. येक पातळशी काडी होती तोंडाशी, तेबी धुतली. आज तिचाबी सन हाय नं? तीच आता तुले पोसनार हाय."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: क्लॅरिनेटच्या भोकांवर झाकणं असतात आणि त्या झाकणांना आतून लहान लहान मऊ गाद्या असतात, पातळ चामड्याच्या. भोक त्यांनी पक्कं बंद झालं तरच सूर निघतो. पाण्याचा एक थेंब गादीला लागू नये म्हणून मास्तर आम्हाला वाजवून झाल्यावर फडकं ओढायला लावत. आणि इथं घडाभर पाणी, राखेचे कण, चिंचेचा कोळ आणि वर एरंडेल.

मी चौरंगाकडे झेपावलो. निदान पुसून कोरडी करावी, उन्हात धरावी.

"हात नको लावू!" बाबा ओरडले. "पुजलेलं औजार हाय. उद्या सकाळी आरती झाल्याबिगर जागचं हालवत नाही. नांगर तरी हालवतो का आपन?"

"पन बाबा, ते..."

"पन नाही न बिन नाही."

आणि मग बाबा खाली बसले. नांगराला हात लावून त्यांनी कपाळाला लावला, मग वखराला, मग विळ्यांना. आणि मग त्याच हातानं क्लॅरिनेटला. ज्या वस्तूचं नाव ते घरात घेऊ देत नव्हते, तिला आमच्या घरातल्या नांगराच्या रांगेत जागा मिळाली होती, आणि माझ्या बापानं तिला नमस्कार केला होता. आता तुम्हीच सांगा, मी काय बोलायला हवं होतं? माय, तू सत्यानाश केला, असं? त्या दिवशी पुरणपोळी होती, वर तुपाची धार. मी खाल्ली. चव आठवत नाही. दिवसभर मी अंगणात येऊन जाऊन त्या चौरंगाकडे पाहत होतो, ऊन सरकत गेलं, लाकडावरचं तेल कळांच्या सांध्यांत उतरत गेलं, आणि मी मनाशी म्हणत होतो, काही नाही होणार, काही नाही होणार.

सकाळी आरती झाली आणि आम्ही गाडी जुंपली. मायनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं, शेजारणींना आवाज देऊन सांगून झालं होतं, की कारंज्याले जाऊन राह्यली, पोराचा बाजा ऐकाले. वाटेत नाल्याशी बाबांनी बैलांना पाणी दाखवलं. मी क्लॅरिनेट घेऊन बाभळींच्या आड गेलो. ती जोडलेलीच होती, सुटी करून पुसावी म्हटलं तर निघेचना, सांधे फुगून घट्ट बसले होते. तशीच तोंडाला लावली आणि फुंकलं. फुस्स. पुन्हा फुंकलं. भोकाभोकातून वारा निघून गेला. एक गादी ओलसर फुगून झाकणाबाहेर आली होती. तिथं मी रडलो. मग तोंड धुतलं आणि गाडीत येऊन बसलो. "वाजोलं का?" मायनं विचारलं. "नाही," मी म्हटलं, "तिथंच वाजोतो."

शाळेच्या आवारात मास्तर कडक इस्त्रीच्या कोटात उभे होते. त्यांनी क्लॅरिनेट हातात घेतली, एकदा वास घेतला, एकेक कळ दाबून पाहिली. बोटाला कुंकू लागलं ते पाहिलं. "किसने किया ये?" त्यांचा आवाज इतका हळू मी कधी ऐकला नव्हता. मी उत्तर द्यायच्या आत माय फाटकातून पुढं आली, पदर पुढं ओढून. "मास्तर, तुमचं हत्यार म्या काल पुजलं बर का. चिंच लावून घासलं. तुमी त कधी घासलंच नसंन." आणि हसली.

मास्तर तिच्याकडे पाहत राहिले. मी मान खाली घातली होती. मग ते म्हणाले, "अच्छा किया बाई. बहुत अच्छा किया." माय खूश होऊन बायकांच्या घोळक्यात गेली.

त्यानंतर मास्तरांनी जे जे करता येईल ते केलं. त्यांच्या डबीतली नवीन पत्ती, म्हणजे तोंडाशी बांधतात ती बोरूची काडी, लावून पाहिली. माझ्या क्लॅरिनेटचं तोंड ओढून काढलं आणि दिगंबरच्या बाजावर बसवून पाहिलं. दोन्ही बाजे वेगळ्या कारखान्यांचे, बसेना. दिगंबर भला पोरगा, तो म्हणाला, "माझा घे ना." पण त्याचे वडील तिथंच उभे होते आणि त्यांनी मास्तरांकडे नुसतं पाहिलं. मास्तरांनी दिलेली जबान होती. त्यांनी दिगंबरच्या खांद्यावर हात ठेवला. "आज तू बजाएगा." मग माझ्याकडे वळले. "तू लाइन में चल. मुँह में रख, उँगली चला. तेरी माँ आई है."

तसा मी चाललो. पुढच्या रांगेत दिगंबर आणि मी, खांद्याला खांदा. ढोल वाजत होता, ताशे वाजत होते, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं, आणि मी गाल फुगवून, बोटं अचूक चालवत, मुका चाललो होतो. शमीपाशी सगळे थांबले. उस्ताद खुर्चीवर बसले होते, काळी टोपी, हातात छडी. दिगंबरनं सुरुवात केली. मला पाठ असलेलं, तलावाच्या काठी शेकडो वेळा घोटलेलं ते वाजत होतं आणि माझ्या बोटांखाली काही नव्हतं. नाल्यापाशी त्याचा आवाज किंचित फाटला. माझी बोटं तिथून स्वच्छ पार झाली. बायकांच्या गर्दीत माय टाचा उंचावून पाहत होती, बाजूच्या बाईला कोपरानं ढोसून माझ्याकडे बोट दाखवत होती.

मिरवणूक मोडल्यावर मास्तर उस्तादांच्या कानाशी काही बोलले. उस्तादांनी माझी क्लॅरिनेट हातात घेऊन पाहिली आणि माझ्याकडे पाहिलं. माणूस वाईट नव्हता. "बेटा, उँगलियाँ तो तेरी खूब चल रही थीं. पर मैं महाराज को उँगलियाँ कैसे सुनाऊँ?" मास्तरांनी हात जोडले, दुरुस्त करून पाठवतो म्हणाले, जबान दिली. उस्तादांनी मान हलवली. त्यांना दिवाळीआधी पोरगा हवा होता, आणि स्टेशनावर गाडीची वेळ झाली होती.

बाबा लांबून पाहत होते. जवळ आले. "काय म्हनले?"

"नाही म्हनले."

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मला वाटतं त्यांनाही वाईट वाटलं असावं. "बरं," ते म्हणाले, आणि बैल जुंपायला गेले. दिलेला शब्द आम्ही दोघांनीही पाळला. पुढं बाबा वारले तेव्हाही त्यांच्या मनात हेच होतं, की पोरगा कमी पडला. ते मला अजून सलतं.

मायनं मात्र गाडीत बसल्यापासून उस्तादाचा उद्धार सुरू केला. "बहिरा हाय का मेला? म्या ऐकलं नं माह्या कानानं! सगळ्यायच्या वर तुहाच बाजा होता. काय वाजोलं रे बापू, अंगावर काटा आला." ती धनज येईपर्यंत बोलत राहिली. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडलो होतो, ताप आल्याचं निमित्त करून.

मला लोक विचारतील, सांगितलं का नाही? बाबांना एकट्याला गाठून सांगता आलं असतं. कदाचित ते म्हणाले असते, चल, आपण जाऊ त्या संस्थानात, पुन्हा ऐकवू. कदाचित. पण बाबांना सांगितलं की ते मायला कळणारच, आणि मग तिनं जन्मभर स्वतःचे हात पाहिले असते. या 'कदाचित'नं मला म्हातारपणापर्यंत सतावलं आहे. क्लॅरिनेट नागपूरला दुरुस्तीला गेली आणि परत आली तोवर मास्तरांची छाती बिघडून ते कामठीला निघून गेले होते. जाताना त्यांनी बाजाच्या पत्त्या ठेवायची ती डबी माझ्या हातात दिली. मी मॅट्रिक झालो, आसेगावच्या शाळेत लागलो, आणि पोरांना गणित शिकवलं. देवाला विनोदाची हौस आहे.

बाबा गेल्यानंतर बऱ्याच वर्षांनी एक मोडीत निघालेला बँड आपली वाद्यं विकत होता, त्यातली एक जुनी क्लॅरिनेट मी घेतली. आता कोणाला दिलेला शब्द मोडत नव्हता. वर्षभर मी शाळा सुटल्यावर वावरात जाऊन वाजवत होतो. ओठ जड झाले होते, दम पुरत नव्हता, पण हळूहळू गळा परत आला, आणि नाला पुन्हा कोरड्या पायांनी पार होऊ लागला. तेव्हा एका दुपारी मी मायसमोर बसलो. ती ओसरीवर तुरीची डाळ पाखडत होती, डोळ्यांनी अधू झाली होती, पण कान शाबूत. मी म्हटलं, माय, सूप ठेव, ऐक. आणि शमीपाशी वाजवायचं होतं तेच मी वाजवलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. खोटं कशाला बोलू, चांगलं वाजवलं. मास्तर असते तर "फिर से" म्हणाले असते.

मायनं सगळं ऐकलं, डोळे मिटून. मी बाजा खाली ठेवला आणि वाट पाहत राहिलो.

"चांगलं हाय रे बापू," ती म्हणाली. "पन त्या दसऱ्याले वाजोलं होतं नं तू, तसं नाही आता. तवाची गोष्टच येगळी होती."

"हाव माय," मी म्हटलं. "तवाची गोष्टच येगळी होती."